इब्न बतूताला रूम मिळेल का?

नंदुरबारात भाड्याची रूम शोधणाऱ्याने 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी वाचण्यात वेळ घालवू नये. पाटी दिसते याचा अर्थ रूम गेल्या दिवाळीतच गेली आणि पाटी काढायला अजून कोणी स्टुलावर चढलेलं नाही, एवढाच. खरी रिकामी रूम पाटीवर येतच नाही. ती चहाच्या टपरीवर कळते, किराणा दुकानात कळते आणि इस्त्रीवाल्याला तर सगळ्यांच्या आधी कळते. जाणारा माणूस शेवटचे चार शर्ट 'उद्या सकाळीच पाहिजेत, गाडी लागणार आहे' असं सांगून टाकतो. शर्ट गरम असतानाच बातमी माणिक चौकापर्यंत पोहोचलेली असते.

30 जून 1998 पर्यंत नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. 1 जुलैला नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके मिळून वेगळा जिल्हा झाला. जिल्हा झाला की कलेक्टर येतो, एसपी येतो, झेडपी येते, आणि त्यांच्या मागोमाग टेबलं, कपाटं, फायली आणि फायली सांभाळणारी माणसं येतात. फायलींची सोय सरकार बघतं. माणसांची सोय गल्लीतल्या नानांच्या वरच्या मजल्यावर होते. 2020 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा गल्लीने आणखी एक मजला चढवला. जिल्ह्यात मिरची, कापूस, पपई, ऊस सगळं पिकतं. पण पाऊस पडो न पडो, शहरात हमखास येणारं पीक म्हणजे भाडेकरू.

हा भाडेकरू सहसा स्वखुशीने आलेला नसतो. पुण्या-कोल्हापूरकडच्या माणसाच्या हातात नंदुरबारच्या बदलीची ऑर्डर पडली की तो आधी नकाशा उघडतो, मग ओळखीच्या आमदाराचा नंबर शोधतो. दोन्हींचा उपयोग झाला नाही की बॅग भरतो. येतो एकटाच. बायको-मुलं 'पुढच्या जूनमध्ये' यायची असतात आणि तो जून कोणत्या सालातला, हे कोणी सांगत नाही. इथेच त्याचं घोडं अडतं, कारण गल्लीत रूम मिळते ती फॅमिलीला. लग्नाचा फोटो चालत नाही, रेशनकार्ड चालत नाही, व्हिडिओ कॉलवर बायको दाखवली तरी चालत नाही. बाई प्रत्यक्ष यायला हवी, तिने किचनचा ओटा बघून नाक मुरडायला हवं आणि 'नळ किती वाजता येतो?' हे विचारायला हवं. मग फॅमिली खरी.

मुलाखत घराच्या ओट्यावर होते. बसायला प्लॅस्टिकची खुर्ची, हातात पाण्याचा तांब्या. पुढे चहा येतो की नाही, यावर निकाल कळतो.

"कोठला शेतस भाऊ?" नाना विचारतात.

"कोल्हापूरचा."

"कोल्हापूर! मंग मटण खात असाल तुम्ही."

पाहुण्याने इथे खरं बोलू नये. तो बिचारा 'फक्त रविवारी' म्हणतो आणि तिथेच चहा आत अडकतो. काकू दाराआडून ऐकत असतात. त्यांना रविवार दिसतो, रविवारचा रस्सा दिसतो, जिन्यातून खाली उतरणारा वास दिसतो. तशी खानदेशी काळ्या मसाल्याच्या मटणाची कीर्ती कोल्हापूरच्या पांढऱ्या-तांबड्यापेक्षा कमी नाही, आणि चार गल्ल्या ओलांडल्या की त्याच रविवारी तोच वास घराघरांतून येत असतो. पण ओट्यावरची मुलाखत ही ओट्यापुरती असते.

शाकाहाराची ही अट नानांनी काढलेली नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला उतरला होता. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने त्याला वकील म्हणून चीनकडे धाडलं होतं. त्याने आपल्या प्रवासवर्णनात या गावाची नोंद केली आहे: छोटं गाव, वस्ती मराठ्यांची, लोक कारागिरीत पटाईत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे. पुढे तो त्यांच्या राहणीवर येतो. भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जिवाला इजा करणं त्यांना आवडत नाही, जेवणाआधी आंघोळ करतात, दारू पीत नाहीत. सुमारे 680 वर्षांपूर्वीचा हा मजकूर खाली स्टॅम्प लावून भाडेकरारात जसाच्या तसा जोडला, तरी नानांना एक ओळ बदलावी लागणार नाही.

खुद्द इब्न बतूताला रूम मिळाली असती का, हा वेगळा प्रश्न. तो बाहेरगावचा, सरकारी कामावरचा, फिरतीवरचा. इथपर्यंत ठीक, पगार वेळेवर होतो म्हणून सरकारी माणूस गल्लीला चालतो. पण या गृहस्थाने आयुष्यभर ठिकठिकाणी मुक्काम केला आणि बऱ्याच ठिकाणी लग्नंही केली. 'फॅमिली आहे का?' असं विचारल्यावर त्याला 'कोणत्या गावची?' असं उलट विचारावं लागलं असतं. काकूंनी दार लावून घेतलं असतं.

शाकाहाराची परीक्षा पास झाली की कागदपत्रं. झेरॉक्स मागण्यात नंदुरबारचा मालक देशात कोणाला ऐकणार नाही आणि त्याला तसा नैतिक अधिकारही आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देण्यात आलं. आधारच्या माहेरी येऊन 'कार्ड गावाकडे राहिलं' म्हणणाऱ्याला कोण उभं करणार? दोन झेरॉक्स, दोन फोटो, ऑफिसचं ओळखपत्र. एक प्रत पोलीस ठाण्यात द्यायला म्हणून घेतात. ती देवघराच्या फळीवर, गेल्या तीन भाडेकरूंच्या प्रतींवर जाऊन बसते.

आधारवर नाव असतं आणि नावात आडनाव. 'पूर्ण नाव काय म्हणालात?' हा प्रश्न मुलाखतीत दोनदा येतो. पहिल्यांदा ऐकण्यासाठी, दुसऱ्यांदा हिशेब लावण्यासाठी. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 48 हजार होती आणि त्यात 69 टक्के आदिवासी होते. नंदुरबार मतदारसंघाने माणिकराव गावितांना लोकसभेवर नऊ वेळा निवडून पाठवलं, म्हणजे दिल्लीत सरकारी बंगल्याची सोय नऊ वेळा करून दिली. धडगावहून बी.एस्सी.ला आलेल्या पावरा किंवा वसावे आडनावाच्या पोराला मात्र शहरातल्या ओट्यावर 'मुलाला विचारून सांगतो, तो सुरतला असतो' असं उत्तर मिळतं. सुरतचा मुलगा फोन उचलत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अशा मुलांसाठी राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणली. ती सुरू झाली तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्यासाठी वर्षाला 12,000 रुपये धरले होते. महिन्याला हजार. हजार रुपयांत गल्लीत फार तर सायकल उभी करायला जागा मिळेल, तीही आडनाव विचारून. मग चार पोरं मिळून शहराच्या कडेला पत्र्याची खोली घेतात, आणि 'मुलं फार गोंगाट करतात' ही तक्रार सुरू होते.

आडनावांचा हा हिशेब चालतो त्याच गावात, माणिक चौकात, शिरीषकुमारचं स्मारक आहे. 9 सप्टेंबर 1942 रोजी इथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पोरं त्यात गेली. शिरीषकुमार सोळाही पूर्ण नव्हता. गुजराती बोलणारी आणि मराठी बोलणारी घरं या गल्ल्यांत भिंतीला भिंत लावून होती, हे त्या पाच आडनावांवरूनच कळतं. आजही दुकानदार गुजरातीत हिशेब करतो, अहिराणीत भाव करतो, मराठीत बिल लिहितो आणि भांडायला हिंदी काढतो. नवा भाडेकरू दोन महिन्यांत चारही भाषांतून 'पाणी आलं नाही' एवढं वाक्य शिकतो.

जुन्या गावातली घरं भाड्यासाठी बांधलेली नव्हती, हे पहिल्याच दिवशी सामान चढवताना कळतं. सागवानी खांबांचा वाडा आधी भावांत वाटला गेला, मग प्रत्येक भावाने आपल्या वाटणीत एकेक पार्टिशन टाकलं, मग मुलं सुरत-नाशिक-पुण्याला गेली आणि त्यांच्या खोल्या 'वन बीएचके' झाल्या. यातला हॉल म्हणजे पूर्वीचा व्हरांडा, बेडरूम म्हणजे धान्याची खोली आणि बाथरूम जिन्याखाली, जिथे उंच माणसाला वाकून आंघोळ करावी लागते. लाकडी जिना इतका उभा की वरचा माणूस खालच्याच्या डोक्यावर पाय देऊनच उतरणार. फ्रिज त्यातून जात नाही. तो रस्त्यावरून दोर लावून गॅलरीतून आत घ्यावा लागतो आणि त्या वेळी निम्मी गल्ली मार्गदर्शनाला हजर असते. 'डावीकडे, डावीकडे! अरे, वायर आहे!' असं ओरडणाऱ्यांत एक इस्त्रीवाला असतोच. फ्रिज एकदा वर गेला की तो खाली उतरवण्याची हिंमत होत नाही. भाडेकरू बदलतात, फ्रिज तिथेच राहतो आणि पुढच्या वेळी नाना 'फर्निश्ड' म्हणून पाचशे जास्त सांगतात.

ज्या भावाला पैसा मिळाला त्याने वाडा पाडला. खाली तीन गाळे, वर दोन मजले, समोर काच. शेजारच्या भावाचा सागवानी खांब त्या काचेत दिसतो. गाळ्यात मोबाइलचं दुकान येतं. जुना भाडेकरू असेल तर मात्र तो हलत नाही आणि पाडापाडीच थांबते. त्याच्या पाठीशी कायदा आहे. मुंबई इलाख्यातल्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने अनेक ठिकाणची भाडी सप्टेंबर 1940 च्या आकड्यावर बांधून ठेवली होती. युद्ध संपलं, इंग्रज गेला, संयुक्त महाराष्ट्र झाला, भाडं तेवढंच. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडं साठ रुपये असेल तर 4 टक्के म्हणजे किती, हे मालक कागदावर काढून दाखवतो आणि कागद चुरगळून टाकतो.

नव्या भाडेकरूसाठी कागद वेगळा: अकरा महिन्यांचा. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना कमी, ही देशभरची युक्ती. महाराष्ट्रात ती चालत नाही, हे नानांना कोणी सांगत नाही. 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं, करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ओट्यावर तासभर मुलाखत घेणारे नाना कायद्यापुढे भाडेकरूच्या जिभेवर अवलंबून. खर्च म्हणावा तर भाडं 6,000 धरलं, अनामत जेमतेम, तर अकरा महिन्यांवर पाव टक्का मुद्रांक म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार. पण गल्लीत शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारण्याची रीत होती. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने शंभराच्या स्टॅम्पची कामं पाचशेवर नेली, तेव्हा नानांनी सरकारला दोन शिव्या घातल्या आणि नव्या भाडेकरूला विचारलं, "आपल्यात कागद कशाला? विश्वासावर चालतं सगळं." विश्वासाची अनामत तीन महिन्यांची, रोख.

रूम मिळाली. आता राहणं.

इथे भाडेकरूने चार भिंतींचं भाडं दिलेलं असतं आणि मिळतं अख्ख्या गावाचं वेळापत्रक. थंडी पडायला लागली की मिरची येते. गुंटूरनंतरची मोठी मिरची बाजारपेठ म्हणून नंदुरबारचं नाव घेतात. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती शहराबाहेरच्या पथारींवर वाळत घालतात आणि मैलभर जमीन लाल दिसते. फोटो काढायला फार सुंदर. पण वाऱ्याची दिशा बदलली की त्या बाजूच्या नव्या कॉलन्यांत संध्याकाळी सगळे एका सुरात शिंकतात. नवा माणूस डॉक्टरकडे जातो, सर्दी म्हणून गोळ्या घेतो. जुना माणूस तोंडाला रुमाल बांधून 'यंदा माल चांगला आहे' म्हणतो. अशा कॉलनीत भाडं थोडं कमी असतं. का, ते ऑक्टोबरपर्यंत कोणी सांगत नाही.

उन्हाळ्यात गच्ची. करारात गच्ची 'सामाईक' लिहिलेली असते. मार्चपर्यंत भाडेकरू तिथे दोरी बांधून कपडे वाळत घालतो. मग एका सकाळी काकू ज्वारीचे बिबडे घालायला बसतात. साडी अंथरली जाते, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि शेजारच्या चार बायका मांडी घालून येतात. बिबड्यांमागून कुरडया, कुरडयांमागून पापड, पापडांमागून वर्षाची मिरची. भाडेकरूच्या शर्टांना पंधरा दिवस खोलीतच, पंख्याखाली, मुक्काम करावा लागतो. तक्रार करायची सोय नाही. संध्याकाळी काकू ओले बिबडे तेल-तिखट लावून वाटीभर पाठवतात आणि खाल्लेल्या माणसाला बोलता येत नाही. पारा 43-44 वर गेला की तीच गच्ची रात्री झोपायची खोली होते. मालकाचं कुटुंब पूर्वेला, भाडेकरू पश्चिमेला, मध्ये पाण्याची टाकी. त्या टाकीच्या अलीकडे-पलीकडे जेवढी माहितीची देवाणघेवाण होते, तेवढी ओट्यावरच्या मुलाखतीतही झालेली नसते.

श्रावणात कानबाई देवी येते. सगळी भाऊबंदकी जमते, सुरतचा मुलगाही येतो (फोन न उचलणारा हाच). रात्रभर जागर, गाणी, फुगड्या. भाडेकरूला खीर मिळते, पुरणपोळी मिळते, आग्रह इतका की दुसऱ्या दिवशी रजा टाकावी लागते. फक्त रोट मिळत नाही. रोटाचा प्रसाद भाऊबंदांपुरताच. दहा वर्षं राहिलेल्या, काकूंना दवाखान्यात नेणाऱ्या, लाइटबिल ऑनलाइन भरून देणाऱ्या भाडेकरूलाही त्या दिवशी आपण नेमके कुठे बसतो ते कळतं. वाईट वाटून घेऊ नये; घरच्या जावयालाही रोट मिळत नाही.

गणपतीत जुन्या गावातल्या गॅलरीचा भाव वाढतो. विसर्जनाला दादा गणपती आणि बाबा गणपती यांचे रथ निघतात आणि जळका बाजारात त्यांची हरिहर भेट होते. त्या रस्त्यावर ज्याची रूम, त्याच्याकडे त्या दिवशी ऑफिसातले सगळे, साहेबांसकट, कुटुंबासह येतात. एरवी 'कुठे राहता हो त्या बोळात?' म्हणणारे साहेब गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे राहतात, आणि नाना खालून ओरडतात, "तिघांच्या वर उभं राहू नका, लाकूड जुनं आहे!"

या सगळ्याच्या वाट्यालाच न जाणारे भाडेकरूही आहेत. सरकारी कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं असा नियम, आणि राहिला तर घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगात लहान शहरं 'झेड' वर्गात होती. सुरुवातीला मूळ पगाराच्या 8 टक्के, किमान 1,800 रुपये. मुख्यालय धडगाव, कुटुंब नंदुरबारात आणि जीव धुळ्यात, अशी विभागणी झालेला माणूस 'अपडाऊन' करतो आणि मुख्यालयी एक खोली कागदावर राखून असतो. ही खोली मालकांची सगळ्यात आवडती. भाडेकरू पाणी वापरत नाही, मोटार चालवायला सांगत नाही, मटण शिजवत नाही. वर्षातून एकदा पावती घ्यायला येतो. अशा खोलीत मालक स्वतःचा कांदा साठवतो आणि तपासणीला साहेब आलेच तर कांद्याच्या पोत्यांवर चादर टाकून 'गुरुजींची गादी' म्हणून दाखवतो. साहेब फार वेळ थांबत नाहीत, त्यांनाही संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं.

आणि मग खऱ्या भाडेकरूची बदली होते. तीन वर्षं ज्या ऑर्डरची वाट पाहिली, ती हातात आली की माणूस उगाच गल्लीत हळू चालू लागतो. इस्त्रीवाल्याकडे चार शर्ट जातात. रात्री नाना हिशेबाला वर येतात, चष्मा लावून. अनामत पंधरा हजार. त्यातून शेवटचं लाइटबिल, सब-मीटरचं. भिंतीला खिळे किती, ते टॉर्च लावून मोजलं जातं. कॅलेंडरचा खिळा मूळचा की नंतरचा, यावर दहा मिनिटं चर्चा होते आणि काकू साक्ष देतात की तो गुरव साहेबांच्या वेळचा. रंगकामाचे दोन हजार. नळाच्या तोटीचे दीडशे. भाडेकरू ऐकून घेतो, कारण खाली टेम्पो उभा आहे आणि हमाल घाई करतोय. पैसे मोजून झाले की नाना खिशातून वेगळे पाचशे काढून भाडेकरूच्या पोराच्या हातात ठेवतात, काकू डब्यात बिबडे आणि ठेचा भरून देतात आणि डोळे पुसतात.

टेम्पो वळणावर गेला की नाना ओट्यावर बसलेल्या नव्या माणसाकडे वळतात. तो लातूरचा आहे, हातात झेरॉक्स आहेत.

"रूम फर्निश्ड आहे," नाना सांगतात. "फ्रिज आहे. साडेसहा होतील."